बावीस मिनिटांची दुपार

ओवीची मूठ गाऊनच्या बटणावरून सुटते, म्हणजे ती झोपली. तरी मृण्मयी लगेच हलत नाही. आधी छाती वरखाली होतेय का बघायचं, मग नाकाखाली बोट धरायचं, मग कपाळाला हाताची उलटी बाजू लावायची. चौदा महिन्यांत एकही दिवस यात खंड पडलेला नाही. कपाळ कोमट आहे. आठवडाभर ताप असाच येतोय, जातोय. डॉक्टर म्हणतात, दाढा येतायत. मृण्मयीला ते पटत नाही. तिच्याजवळ दुसरं कारण आहे, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईने तर नाहीच नाही.

बाहेरच्या खोलीत सासूबाई शेंगा सोलत बसल्यायत. चट, चट. टरफलं फुटल्याचा आवाज अर्धवट लोटलेल्या दारातून आत येतोय.

"ते पुस्तक आज परत करायचंय हं," त्या तिथूनच म्हणतात. "तारीख उलटून गेली. मावशीचं म्हणून तुझ्यासाठी ठेवून घेतलं, तर तू हातही लावेनास."

"बघते आई."

"बघायचं काय त्यात? सगळ्या विश्रामबागेने वाचलं, घरच्या माणसाने तेवढं नाही."

मृण्मयी ओवीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते. तिने ते वाचलंय. तीनदा. पलंगावर उशाशी पडलेलं, वाचनालयाने जाड पुठ्ठ्यात बांधलेलं हे पुस्तक म्हणजे 'बाहेरून कडी', कुंदामावशीची शेवटची कादंबरी.

मृण्मयीची आई ती कॉलेजात असतानाच गेली, म्हणून बाळंतपणाला मावशी आली. लग्न न केलेली, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आधी दोन कादंबऱ्या लिहिलेली मावशी अडीच महिने इथे सांगलीला येऊन राहिली. अळिवाची खीर केली, शेक दिला, ओवीला पायावर घेऊन अंघोळी घातल्या. मावशी पेन्सिलीने लिहायची, त्यामुळे तिचा अंगठा कायम करडा असायचा. काजळाची डबी सापडली नाही की ती तोच अंगठा शिसावर घासून ओवीला तीट लावायची.

"मावशी, शिसं असतं त्यात!"

"ग्रॅफाइट गं ते. एम.एस्सी. झालीस ना?"

ओवी सहा आठवड्यांची होती तेव्हाची गोष्ट. सासूबाई लेकीकडे मिरजेला गेलेल्या, नवरा पुण्याला नोकरीवर, मावशी बँकेत. सकाळपासून रडणारी ओवी नुकती झोळीत झोपली होती. मृण्मयीने चपला घातल्या, बाहेरून कडी लावली, कोपऱ्यावर आलेल्या सिटी बसमध्ये चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. कुठे जायचं होतं, ते तिला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या थांब्यावर तिचं अंग दुधाने भिजलं. ती उतरली आणि रिक्षा करून परत आली. निघताना स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते, आली तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं. ओवी झोळीत तशीच झोपलेली होती.

मावशी आली तेव्हा मृण्मयी ओट्यापाशी खाली बसली होती. पायात अजून चपला. तिने सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मावशीचा हात धरून झोळीपाशी नेला आणि ओवीच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपथ आहे तुला. कुणाला सांगायचं नाही." मावशी म्हणाली, "नाही सांगणार."

आणि सांगितलं नाहीच. लिहिलं.

कादंबरी आली आणि वीस दिवसांत मावशी झोपेतच गेली. मृण्मयीने पुस्तक उघडलं ते तिचे दिवस झाल्यावर. पान एकशे बारा. वसुधा नावाची बाई बाळाला झोळीत ठेवते, बाहेरून कडी लावते आणि बसमध्ये बसते. परत येते ती दिवेलागणीला. मूल रडून रडून गप्प झालेलं, ओठ सुकलेले. भांडायचं तरी कुणाशी? मावशी त्यापुरतीसुद्धा मागे उरली नव्हती.

आणि शपथेचा तर नियम आहे. परकर-पोलक्यातल्या पोरींनाही तो माहीत असतो. ज्याने शपथ घातली त्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. न सोडवता मोडली, तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला ती लागते. हे असलं काही नसतं, हे मृण्मयीला कळतं. ओवीचं कपाळ तापलं की मात्र ते कळणं कुठे जातं कोण जाणे.

ती कुशीवर वळून एकशे बारावं पान उघडते. वाचनालयाच्या पुस्तकात लोक लिहितातच, पण या पानाचा समास चारी बाजूंनी भरलाय. निळ्या पेनाने: 'असल्या बाईला देवाने मूल देऊच नये.' त्याला बाण काढून खाली पेन्सिलीने: 'तुम्ही बाळंतपणात कधी एकट्या होतात का?' शेजारी ठसठशीत: 'लेखिकेला स्वतःचे मूल नाही हे लगेच कळते.' वरच्या कोपऱ्यात: 'अप्रतिम! या पानानंतर पुस्तक खाली ठेवता आले नाही.' लाल शाईत: 'वाचनालयाची पुस्तके खराब करू नयेत.' अगदी शिवणीपाशी, वाचता येऊ नये इतकं बारीक: 'माझ्याही मनात आले होते. केले नाही.'

आणि सगळ्यात खाली, किराण्याच्या यादीतलं ओळखीचं तिरकं अक्षर. सासूबाईंचं. 'हिच्या घरचे कुठे गेले होते?'

हे वाक्य मृण्मयीला गेले चार दिवस घास गिळू देत नाहीये. आईंना कळलंय? की सहज लिहिलं? पानात खूण म्हणून त्यांची पेन्सिल ठेवलेली आहे. ती उचलते, टोक कागदाजवळ नेते आणि तशीच परत आणते. पेन्सिल खिडकीच्या कठड्यावर ठेवून देते. ओवीच्या पोटावर हात टेकवते. हात वर जातो, खाली येतो. चट, चट. टरफलं फुटतायत. चट.

चट. कंडक्टर तिकीट फाडून देतो.

कंडक्टर म्हणजे वाचनालयातल्या साळुंखेबाईच आहेत. खांद्याला चामडी पिशवी, हातात तारखेचा शिक्का. त्या तिकिटावर शिक्का मारतात आणि म्हणतात, "तारीख उलटून गेलीय बरं का."

"मला तिसऱ्या थांब्यावर उतरायचंय," मृण्मयी म्हणते.

"सगळ्यांनाच तिथे उतरायचंय. मागे व्हा."

बसच्या खिडक्यांत पुस्तकं लावलेली आहेत, एकालगत एक, त्यांच्या फटींतून ऊन येतंय. बाकांवर बायका बसल्यात आणि प्रत्येकीच्या मांडीवर तेच पुस्तक.

"असल्या बाईला देवाने मूल देऊच नये," पुढच्या बाकावरची चिवडा खाता खाता म्हणते.

"तुम्ही बाळंतपणात एकट्या होतात का?" मागची विचारते.

"मी सातव्या दिवशी भाकऱ्या थापल्या!"

"तेच म्हटलं."

"भाषा मात्र ओघवती आहे हो."

"कसली ओघवती! तीन पानं नुसतं कडीचं वर्णन. आमच्याकडे आहे ना कडी, आम्ही लावतो आणि जातो."

सगळ्या हसतात. खिडकीपाशी एक मुलगी पुस्तकात तोंड खुपसून बसलीय, ती तेवढी हसत नाही. मृण्मयी तिच्या शेजारून जाताना ती वर न बघता म्हणते, "मी केलं नाही." मृण्मयीला सांगायचंय की मी केलं, मीच ती, पण बावीस मिनिटं, फक्त बावीस. तिचं तोंड उघडतं. आवाजाऐवजी दुधाचा वास येतो.

बाकांच्या मधल्या वाटेत सासूबाई उभ्या आहेत. पदरात शेंगा. त्या एकेका बाईपाशी वाकून विचारतायत, रस्ता चुकलेल्या माणसासारख्या. "हिच्या घरचे कुठे गेले होते? तुम्ही पाहिलंत का?"

मृण्मयी त्यांना चुकवून मागे सरकते. शेवटचा बाक असायला हवा तिथे घरची मोरी आहे. बादलीतून वाफ निघतेय. पाटावर कुंदामावशी बसलीय, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय लांब. पायांवर पुस्तक पालथं घातलंय, आणि ती तांब्याने त्याच्या पाठीवर ऊन पाणी ओततेय.

"बस मृणू. पाणी निवतंय."

"मावशी, तू तर गेलीस."

"गेले ना. पण हिची अंघोळ राहिली होती." ती तळव्याने पुस्तकाची पाठ चोळते. पानांतून करडं पाणी वाहतं, त्यात अक्षरं विरघळतात आणि जाळीतून खाली जातात. "लोकांनी किती लिहून ठेवलंय बघ. आधीच्या दोन्हींच्या समासात कुणी टिंबसुद्धा दिलं नव्हतं."

"खूश आहेस?"

मावशी तांब्या खाली ठेवते. "खोटं कशाला बोलू? आहे."

मावशी म्हातारी दिसत नाहीये, आजारी दिसत नाहीये. सकाळी पोट साफ झाल्यावर माणूस दिसतं तशी दिसतेय. हे जास्त लागतं.

"तू ओवीच्या डोक्यावर हात ठेवला होतास."

"ठेवला होता."

"आणि?"

"आणि लिहिलं."

"बावीस मिनिटं होती मावशी! तू सबंध दुपार केलीस. दिवेलागण केलीस. मी आले तेव्हा ती झोपलेली होती, शांत झोपलेली होती, आणि तू तिचे ओठ सुकवलेस."

"बावीस मिनिटांवर कादंबरी उभी राहत नाही गं. बावीस मिनिटं गेलेल्या बाईला लोक च्च च्च करतात आणि पान उलटतात. मला त्यांना त्या दारात उभं करायचं होतं."

"त्यासाठी मी सापडले?"

मावशी बादलीकडे वळते. तांब्यात पाणी भरते.

मोरीची भिंत संपते तिथे स्वयंपाकघर सुरू होतं. मृण्मयी ओट्यापाशी खाली बसलीय, पायांत चपला. घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झालीयत आणि काटे तिथेच थांबलेत. मावशी समोर बसून तिचे हात हातात घेते, अगदी तशीच, त्या दिवशी घेतले होते तसेच.

"तू सांगितलंस तेव्हा मीही रडले होते, मृणू. ते खोटं नव्हतं."

"माहितेय." मृण्मयी हात सोडवून घेते. "पण संध्याकाळी खिरीच्या पातेल्याशेजारी पेन्सिलीचे पापुद्रे पडले होते. मी ते पुसून टाकले. मला वाटलं, कुणाला पत्र लिहितेय. माझी आसवं वाळली नव्हती आणि तू टोक करत होतीस. त्याच संध्याकाळी. हो की नाही?"

मावशी तिच्याकडे बघते. चष्म्यावर वाफ धरलीय.

"त्याच संध्याकाळी," ती म्हणते.

एवढंच. मृण्मयी वाट बघते, की आता ती काहीतरी म्हणेल, राहवलं नाही म्हणेल, चुकलं म्हणेल. बसचं इंजिन घरघरत राहतं. आई गेल्यावर हिच्याच कुशीत तोंड लपवलं होतं आपण. त्या वेळचंही कुठल्या वहीत असेल. आपलं काय काय असेल हिच्या वह्यांत?

"मी सुटायला आलेय," मावशी हलकेच म्हणते. "तू शपथ घातली होतीस, तूच सोडव. 'सुटली' म्हण."

"का म्हणू?"

"माझ्यासाठी नको. मला आता काय लागायचंय? तिच्यासाठी म्हण."

मृण्मयी खाली बघते. मावशीच्या पायांवर आता पुस्तक नाही. ओवी आहे, पालथी, सहा आठवड्यांची असावी इतकी लहान आणि तव्यासारखी तापलेली. पाणी तिच्या पाठीवर पडतं आणि लगेच सुकतं.

"हे बरं आहे तुझं," मृण्मयीचा आवाज फुटतो. "पुन्हा तिलाच मध्ये घातलंस."

"मी?" मावशी मान वर करते. पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार येते. "तिच्या डोक्यावर माझा हात कुणी नेऊन ठेवला होता, मृणू?"

बसमधल्या सगळ्या बायका वाचायच्या थांबतात. पानाचा आवाज नाही.

मृण्मयीला आपला हात दिसतो. मावशीचं मनगट घट्ट धरलेला, झोळीकडे ओढून नेणारा. ओवी झोपेत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिला 'सुटली' म्हणायचं नाहीये. हा एक शब्द सोडला तर मावशीविरुद्ध तिच्या हातात दुसरं काही उरलेलं नाही. तो दिला की मावशी मोकळी, पुस्तक मोकळं, आणि पापुद्रे पुसणारी तेवढी मागे राहणार. ओवीची पाठ लाल होत चाललीय. साळुंखेबाई पुढून ओरडतात, "तिसरा थांबा! उतरणार का बाई? नंतर थेट दिवेलागणीलाच थांबते बस."

"सुटली," मृण्मयी म्हणते.

मोठ्याने नाही, पण म्हणते. पाणी ओवीच्या पाठीवर टिकतं, ओघळतं.

"सुटली. पण तुला माफ नाही केलेलं मी."

"ते मागायला तोंड कुठाय मला?" मावशी म्हणते. ओवीला उलटं करते, टॉवेलात गुंडाळते, मग सवयीने इकडेतिकडे चाचपडते. "काजळाची डबी कुठे ठेवता तुम्ही? कधी म्हणून जागेवर नसते." आणि आपला करडा अंगठा ओवीच्या डाव्या कानशिलावर टेकवते. दाबून, जरासा फिरवून. "घे. जा आता, बाहेरून कडी आहे."

मृण्मयी ओवीला उचलते आणि धावत्या बसमधून पाय खाली टाकते.

पायाखाली गादी आहे.

"अगं ऊठ, साडेचार वाजले." सासूबाई दारात उभ्या आहेत, साडीला टरफलांचे कण चिकटलेले. "पोर बघ कशी घामाघूम झालीय."

मृण्मयी धडपडत उठून बसते. छाती बघते, बोट धरते, कपाळाला हात लावते. ओलं आणि गार आहे. ओवी डोळे उघडून पंख्याकडे बघतेय.

"ताप उतरला," सासूबाई वाकून तिच्या मानेवरचा घाम पदराने टिपतात आणि थांबतात. "हे काय? तीट कुणी लावली हिला? काजळ तर परवाच संपलं."

डाव्या कानशिलावर एक करडा ठसा आहे. चांगला अंगठ्याएवढा, जरासा फिरलेला. मृण्मयी आपले हात उलटसुलट करून बघते. बोटांना काही लागलेलं नाही. पेन्सिल खिडकीच्या कठड्यावर आहे, ठेवली होती तिथेच. ती आपला अंगठा त्या ठशावर धरून बघते. ठसा तिच्या अंगठ्याहून रुंद आहे.

"लागलं असेल कशाचं तरी," सासूबाईच म्हणतात. त्यांचं लक्ष आता उशाशी उघड्या पडलेल्या पुस्तकाकडे गेलंय. कुठलं पान आहे तेही त्यांना दिसलंय. "दे ते. फिरून येता येता देऊन टाकते."

"एक मिनिट, आई."

मृण्मयी कठड्यावरची पेन्सिल घेते. पानाच्या तळाशी, त्यांच्या तिरक्या अक्षराखाली बोटभर जागा उरलीय. तेवढ्यात ती लिहिते: 'घरचे कामाला गेले होते. बाई बावीस मिनिटांत परत आली. मूल झोपलेले होते.' आणि पुस्तक तसंच उघडं त्यांच्या हातात देते.

सासूबाई कपाळावरचा चष्मा खाली घेतात. वाचतात. वाचून झालं तरी नजर वर उचलत नाहीत. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करतं, ती दोनदा बंद पडते, मग जाते.

"मी तेव्हा मिरजेला होते," त्या सावकाश म्हणतात. विचारतायत की सांगतायत, ते कळत नाही. "'राहू का' विचारलं तर आवर्जून नाही म्हणालीस तू. 'जा आई, मी आहे ना' म्हणालीस."

"हो."

"तुझ्या मावशीला सांगितलंस. मला नाही."

"हो."

सासूबाई पलंगाच्या कडेला टेकतात. पुस्तक मिटत नाहीत. दुसऱ्या हाताने पदराचं टोक ओठांशी नेऊन ओलं करतात आणि ओवीच्या कानशिलाकडे वाकतात. मृण्मयी त्यांचं मनगट धरते. हलकेच, सोडवून घेता येईल इतकंच.

"राहू दे, आई. तेवढं राहू दे."

ओवी हात वर करून स्वतःचं कानशील चोळते, आणि तो करडेपणा तिच्या तळव्याला लागतो. तोच हात ती आईच्या गाऊनच्या बटणाकडे नेते.